हंगर गेम्स: वीस चिठ्ठ्यांचा हिशेब

सुझॅन कॉलिन्स यांच्या 'द हंगर गेम्स' या कादंबरीमालिकेच्या पहिल्याच प्रकरणात एक हिशेब आहे. वाचक बहुधा तो घाईघाईत ओलांडून जातात, कारण पुढे धनुष्यबाण, रिंगण आणि मारामारी येणार हे त्यांना ठाऊक असतं. ही मालिका विकत घ्यावी का, कुणासाठी घ्यावी आणि तिच्या नकला का फसल्या, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मात्र त्या हिशेबातच आहेत.

पॅनेम नावाच्या देशात दरवर्षी सोडत निघते; ज्याचं नाव निघेल त्या मुलाला जीवघेण्या खेळात उतरावं लागतं. वयाच्या १२व्या वर्षी काचेच्या गोलात तुमच्या नावाची एक चिठ्ठी पडते. १३व्या वर्षी दोन, १४व्या वर्षी तीन, असं वाढत १८व्या वर्षी सात. इथवर कायदा सगळ्यांना सारखा. पण घरात खायला नसेल तर जादा चिठ्ठी टाकून 'टेसेरा' घेता येतो. टेसेरा म्हणजे एका माणसाला वर्षभर जेमतेम पुरणारं धान्य आणि तेल, थोडक्यात रेशनच. घरातल्या जितक्या माणसांसाठी घ्याल तितक्या चिठ्ठ्या वाढतात, आणि जुन्या चिठ्ठ्या कधीच बाद होत नाहीत. नायिका कॅटनिस १६ वर्षांची, घरात आई, धाकटी बहीण आणि ती स्वतः. वर्षाला तीन टेसेरा याप्रमाणे पाच वर्षांचे १५, वयाच्या ५, एकूण २० चिठ्ठ्या. तिचा मित्र गेल १८ वर्षांचा आणि घरात खाणारी पाच तोंडं: ३५ अधिक ७, म्हणजे ४२. महापौरांची मुलगी मॅज कॅटनिसच्याच वयाची, पण तिच्या फक्त पाच. गेलच्या १२व्या वर्षीच सहा झाल्या होत्या, आणि हे तो मॅजला तोंडावर ऐकवतो.

कागद-पेन्सिल घेऊन पडताळून पाहा, आकडे चोख जुळतात. या प्रकारच्या पुस्तकांत असं फार क्वचित घडतं. गोलात हात घालणाऱ्या बाईंनी कुणावर डूख धरलेला नाही, चिठ्ठ्यांत लबाडीही नाही. तरी खाणकामगाराच्या पोराचं नाव निघण्याची शक्यता महापौरांच्या मुलीच्या आठपट. नियम सर्वांना सारखा आणि त्याचा मार मात्र उपाशी घरावर, ही गोष्ट चौदा वर्षांच्या मुलाला दोन पानांत कळते, तीही कुणी भाषण न देता. मोठ्यांच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांना यासाठी एक अख्खं प्रकरण लागतं.

या सोडतीचं नाव 'रीपिंग', म्हणजे पिकाची कापणी. पीक १२ ते १८ वयाचं. बारा जिल्ह्यांतून प्रत्येकी एक मुलगा आणि एक मुलगी, एकूण २४ जण एका रिंगणात सोडले जातात. शेवटी जिवंत उरेल तो जिंकला. सगळं थेट प्रक्षेपित होतं आणि पाहणं सक्तीचं असतं. पॅनेम उभा आहे उत्तर अमेरिकेच्या भग्नावशेषांवर, राजधानी कॅपिटॉल रॉकी पर्वतात आणि कॅटनिसचा कोळसा खाणींचा जिल्हा अ‍ॅपलेशियात. देशाचं नाव आलं ते 'भाकरी आणि खेळ' या अर्थाच्या जुन्या लॅटिन शब्दप्रयोगातून. प्राचीन रोममध्ये फुकट धान्यासाठी जो बिल्ला दाखवायचा त्यालाही टेसेराच म्हणत. कॅपिटॉलमधल्या माणसांची नावं सिना, सीझर, सेनेका, प्लूटार्क अशी आहेत, ती याच कारणाने. लेखिका सुझॅन कॉलिन्स यांनी दुसरा धागा ग्रीक पुराणातून घेतला. अथेन्सला दंड म्हणून सात मुलं आणि सात मुली क्रीट बेटावरच्या राक्षसाकडे पाठवाव्या लागत, ती थिसियसची कथा. तिसरा धागा टीव्हीचा. चॅनेल बदलताना एकीकडे रिअ‍ॅलिटी शोमधले तरुण स्पर्धक आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं दिसली, दोन्ही एकमेकांत मिसळली आणि तिथून पुस्तक सुचलं, असं त्यांनी मुलाखतींत सांगितलेलं आहे.

आता वस्तूबद्दल. मूळ त्रयी स्कोलॅस्टिकने काढली: 'द हंगर गेम्स' २००८, 'कॅचिंग फायर' २००९, 'मॉकिंगजे' २०१०. पुढे 'द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स' २०२० मध्ये आणि 'सनराइज ऑन द रीपिंग' २०२५ मध्ये आलं. त्रयीतल्या प्रत्येक पुस्तकात तीन भाग, प्रत्येक भागात नऊ प्रकरणं, म्हणजे एकूण २७. हा साचा योगायोगाने आलेला नाही. कॉलिन्स नाट्यलेखन शिकलेल्या, मुलांच्या टीव्ही मालिकांच्या पटकथा लिहून हात बसलेल्या. तीन अंक आणि प्रत्येक प्रवेशाच्या शेवटी पडदा नको तिथे पाडायचा, हे तंत्र त्यांना अंगवळणी पडलेलं होतं. 'एकच प्रकरण वाचून झोपते' म्हणणारी मुलगी दोन वाजेपर्यंत जागी राहते ती त्यामुळे. पालकांनी परीक्षेच्या आठवड्यात हा संच कपाटात वरच्या फळीवर ठेवावा हे उत्तम.

निवेदन प्रथमपुरुषी आणि वर्तमानकाळात आहे. याचे दोन परिणाम होतात. एक तर निवेदिका जगते की मरते याची खात्री वाचकाला शेवटपर्यंत मिळत नाही. दुसरं म्हणजे कॅटनिसला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं, आणि ती माणसं ओळखण्यात जरा कच्चीच आहे. सशाचा फास कुठे लावायचा हे तिला बरोबर कळतं. समोरचा मुलगा खरं बोलतोय की कॅमेऱ्यासाठी, हे कळत नाही.

आणि इथेच प्रेमकथेचा मुद्दा येतो, ज्यावर या मालिकेची सर्वांत जास्त टिंगल होते. दोन मुलं आणि एक मुलगी, झालं, नेहमीचाच त्रिकोण! पण पहिल्या पुस्तकात प्रेम हासुद्धा खेळाच्या नियमाचा भाग आहे. रिंगणातल्या मुलांना बाहेरचे प्रायोजक पॅराशूटने भेटी पाठवू शकतात आणि जसजसे दिवस जातात तसतशा भेटी महागत जातात. कॅटनिस तहानेने मरायला टेकते तरी तिचा मार्गदर्शक हेमिच पाणी पाठवत नाही. थोड्या वेळाने तिच्या डोक्यात प्रकाश पडतो: पाठवत नाही, म्हणजे पाणी जवळच असणार. पुढे तिच्याच जिल्ह्यातून रिंगणात आलेल्या जखमी पीटाचं ती पहिल्यांदा चुंबन घेते आणि लगेच रस्सा भरलेलं भांडं खाली उतरतं. तिला अर्थ कळतो, एका चुंबनाचा भाव एक भांडं रस्सा. त्यानंतरच्या प्रत्येक मऊ प्रसंगात हे कशासाठी चाललंय ते वाचक आणि कॅटनिस दोघंही मोजत राहतात. पीटाला वाटतं ते खरंच आहे. बिचारा.

म्हणजे त्रिकोणाला कॅमेरा जोडलेला आहे, कॅमेऱ्याला पैसा आणि पैशाला जगणं. नंतरच्या दहा वर्षांत आलेल्या ढीगभर पुस्तकांनी त्रिकोण उचलला, कॅमेरा आणि पैसा मागेच राहू दिले. नायिका शूर, राज्य दुष्ट, एक मुलगा बालपणीचा, दुसरा गूढ. वाचताना पानं पलटतात. महिन्याभराने नाव आठवत नाही.

दोष सांगायला हवेत. पहिल्या पुस्तकात प्रत्यक्ष खेळ ११व्या प्रकरणात सुरू होतो आणि तोवरचा वेळ शिकार, प्रशिक्षण, मुलाखती, १२ पैकी गुण यात भुर्रकन जातो. (कॅटनिसला ११ गुण पडतात. दहावी-बारावीच्या घरात हा प्रसंग फार रस घेऊन वाचला जातो!) दुसऱ्या पुस्तकात मात्र रिंगणात पोचायला १८ प्रकरणं लागतात. विजययात्रा, लग्नाचे कपडे, पुन्हा तीच ती काळजी; मधे वाचन सुटलं तर बहुधा इथेच सुटतं. कंटाळा आलाच तर पाचवं-सहावं प्रकरण भरभर वाचायला हरकत नाही, पण ११व्या जिल्ह्यातला प्रसंग सोडू नका. तिथे एक म्हातारा शीळ घालतो आणि अख्खा जमाव तीन बोटं ओठांना लावून हात पुढे करतो. पहिल्या पुस्तकात ही खूण १२व्या जिल्ह्यात जिवलग माणसाला निरोप देताना करतात. इथे ती पहिल्यांदा बंडाची होते. २०१४ च्या लष्करी उठावानंतर थायलंडमधल्या तरुणांनी आणि २०२१ मध्ये म्यानमारमधल्या आंदोलकांनी रस्त्यावर हीच तीन बोटं वर केली. कुमारांसाठीच्या कादंबरीतली खूण खऱ्या पोलिसांपुढे जाऊन उभी राहिल्याची उदाहरणं फार नाहीत.

जगाची मांडणीही ठिकठिकाणी भुसभुशीत आहे. १२व्या जिल्ह्याची वस्ती सुमारे ८ हजार. एवढ्या लोकांनी अख्ख्या देशाचा कोळसा काढायचा? एक जिल्हा फक्त मासे, एक फक्त कापड, एक फक्त लाकूड, हे नकाशावर छान दिसतं, पण व्यापार कसा चालतो असं विचारलं की धागा सुटतो. नववीतला भूगोलप्रेमी मुलगा हा प्रश्न विचारणारच. त्याला सांगावं की लेखिकेचं लक्ष पोटावर आहे, वाहतुकीवर नाही.

तिसरं पुस्तक 'मॉकिंगजे' मुलांना सर्वांत कमी आवडतं. ते सर्वांत प्रामाणिक आहे असं आमचं मत. रिंगण संपलेलं, युद्ध सुरू झालेलं, आणि कॅटनिस बंडखोरांच्या, नष्ट झाल्याचं मानलेल्या १३व्या जिल्ह्यात, जमिनीखाली. तिथे रोज सकाळी भिंतीतल्या यंत्रात हात घातला की कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूला जांभळ्या शाईने दिवसाचं वेळापत्रक छापलं जातं: न्याहारी किती वाजता, स्वयंपाकघरातलं काम किती वाजता, वर्ग कुठल्या खोलीत. रात्री १० च्या अंघोळीपर्यंत ही शाई जात नाही. जेवण मोजून मिळतं, एक घास जास्त नाही. म्हणजे 'चांगल्या' बाजूलाही नियमांचंच राज्य, आणि त्यांनाही कॅटनिस कॅमेऱ्यापुढेच हवी. कॅटनिस हे वेळापत्रक धुडकावते आणि अडगळीच्या कोपऱ्यांत, कपाटांत जाऊन झोपते. नायिकेने तलवार उपसावी अशी अपेक्षा असलेल्या वाचकाचा इथे विरस होतो. युद्धाने मोडलेल्या माणसाचं हे चित्र मुद्दाम काढलेलं आहे. कॉलिन्स यांचे वडील हवाई दलात होते आणि व्हिएतनाम युद्धात जाऊन आले होते. शेवटची शंभर पानं घाईत उरकल्यासारखी वाटतात ही तक्रार मात्र रास्त आहे. महत्त्वाची माणसं अर्ध्या वाक्यात मरतात. युद्धात तसंच होतं हे मान्य केलं तरी वाचक दोन पानं मागे जाऊन 'मेला का खरंच?' म्हणून शोधत बसतो.

वाचायच्या क्रमाबद्दल एक चूक सर्रास होते. कथेच्या काळानुसार 'बॅलड' सर्वांत आधी येतं, त्यात १०वे खेळ आहेत आणि कॅटनिस ७४व्या खेळात उतरते. म्हणून भेट देणारे काका-मावशी तेच आधी हातात देतात. नको. ते ५०० पानांहून जास्त आहे, तृतीयपुरुषी आहे आणि त्याचा नायक पुढे राष्ट्राध्यक्ष होणारा स्नो, वय १८. हा मुलगा पुढे काय होणार हे माहीत असेल तरच त्याच्या गोड बोलण्यातली थंडी जाणवते. जाणकार वाचकाला मात्र त्यात एक वेगळी मेजवानी आहे. खेळ तेव्हा ओंगळ, रटाळ आणि कुणी न पाहणारे असतात. मग विद्यार्थ्यांकडून सूचना मागवल्या जातात आणि त्यातून सट्टा, प्रायोजक, भेटवस्तू हे सगळं एकेक करून जन्माला येतं. क्रूर नियम एखाद्या हुशार विद्यार्थ्याच्या नीटनेटक्या निबंधातून कसा निघतो, ते इथे दिसतं. 'सनराइज' ५०व्या खेळांची, हेमिचची गोष्ट. त्या वर्षी २४ ऐवजी ४८ मुलं. जे घडलं आणि जे टीव्हीवर दाखवलं गेलं यातलं अंतर हा तिचा विषय आहे, त्यामुळे तीही त्रयीनंतरच. सरळ प्रकाशनाच्या क्रमाने वाचा.

वय: पहिली दोन १३ च्या पुढे, तिसरं १५ च्या पुढे. मुलांनी मुलांना मारणं हा विषयच आहे, त्यामुळे 'हिंसा आहे का' हा प्रश्न गैरलागू. लेखिका रक्ताचं वर्णन आवरतं घेते, पण पहिल्या पुस्तकाच्या शेवटी येणारे लांडग्यांसारखे प्राणी आणि त्यांच्या तावडीत रात्रभर चाललेलं एक मरण झोप उडवणारं आहे. हळव्या मुलांसोबत घरातल्या कुणी मोठ्या माणसाने ते प्रकरण वाचलेलं असावं. अमेरिकेत ग्रंथालयांतून काढून टाकण्याची मागणी झालेल्या पुस्तकांच्या २०१० आणि २०११ च्या पहिल्या दहांत ही मालिका होती.

भाषा सोपी आहे. वाक्यं आखूड, संवाद भरपूर. मराठी माध्यमाच्या नववीतल्या वाचकाला पहिली दोन प्रकरणं शब्दकोश लागेल, मुख्यतः शिकारीच्या आणि वनस्पतींच्या शब्दांसाठी. नंतर वेग येतो. 'नाइटलॉक' कोशात शोधू नका, ते विषारी फळ लेखिकेने बनवलेलं आहे. 'कॅटनिस' मात्र खरी पाणवनस्पती आहे, तिचे कंद खातात आणि पानं बाणाच्या टोकासारखी असतात. संच घेताना आत तीन पुस्तकं आहेत, चार की पाच, ते पाठीवरची नावं मोजून पाहा, सगळ्यांना 'बॉक्स सेट'च म्हणतात. फूटपाथवरची स्वस्त नक्कल घेणार असाल तर निदान २७वं प्रकरण आत आहे ना, एवढं दुकानदारासमोर उघडून बघा. अशा प्रतींत शेवटचा फॉर्मा (एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा) गळालेला किंवा उलटा शिवलेला असतो, आणि हे पुस्तक शेवटच्या फॉर्म्याशिवाय वाचण्यात अर्थ नाही.

चित्रपट आधी पाहिला तर चालेल का? पहिला, २०१२ चा, चांगला आहे, पण तो कॅटनिसच्या डोक्यातून बाहेर पडतो आणि खेळ चालवणाऱ्यांची नियंत्रण कक्षातली बटणं दाखवतो. त्यामुळे गंमत वाढते, कोंडी कमी होते. मॅज गायबच आहे, चिठ्ठ्यांचा हिशेब एक-दोन वाक्यांत उरकलाय आणि पीटाचा पाय शाबूत राहतो, जो पुस्तकात राहत नाही. तिसऱ्या पुस्तकाचे दोन चित्रपट केले, २०१४ आणि २०१५, ते केवळ ताणण्यासाठी. पुस्तक आधी.

त्रयी संपल्यावर 'असंच अजून काहीतरी' अशी मागणी येते आणि बहुतेक दुकानदार व्हेरॉनिका रॉथ यांचं 'डायव्हर्जंट' (२०११) पुढे करतात. शिकागो शहर, पाच गट, प्रत्येकाचा एकेक सद्गुण. १६व्या वर्षी चाचणी आणि मग निवड. पाच पात्रं मांडलेली: राखाडी दगड, पाणी, माती, पेटते निखारे, काच. हात कापून ज्यात रक्त टाकाल तो तुमचा गट. प्रसंग झकास, आणि 'सायन्स की कॉमर्स'च्या वयाला नेमका भिडणारा. पण विचारा, हा नियम कुणाच्या फायद्याचा? चिठ्ठ्यांच्या हिशेबाला उत्तर होतं. इथे ते तिसऱ्या पुस्तकापर्यंत लांबवलंय आणि मिळतं तेव्हा पटत नाही. चित्रपटांचीही तीच गत झाली. २०१६ चा तिसरा आपटला आणि ठरलेला चौथा निघालाच नाही. पहिलं पुस्तक घ्या, पुढची दोन ग्रंथालयातून आणा.

वाचक लहान असेल, अकरा-बारा वर्षांचा, तर लोइस लॉरी यांचं 'द गिव्हर' (१९९३). दोनशेच्या आत पानं, न्यूबेरी पदकप्राप्त. नऊ वर्षांच्या सगळ्यांना एकाच दिवशी सायकल, बाराव्या वर्षी समिती काम नेमून देणार, चुकलं की ठरलेल्या शब्दांत माफी. सगळं इतकं शिस्तशीर आणि प्रेमळ की काही बिघडलंय हे कळायला अर्धं पुस्तक जातं. शेवट मोकळा सोडलेला आहे. त्यावर मुलं भांडतात, भांडू द्या.

आणि वाचक १५ च्या पुढचा असेल, जातीबद्दल घरात मोकळेपणी बोललं जात असेल किंवा जावं अशी इच्छा असेल, तर मॅलोरी ब्लॅकमन यांचं 'नॉट्स अँड क्रॉसेस', २००१ चं. ब्रिटनसारखाच देश, फक्त सत्ता काळ्यांची आणि गोरे कालपर्यंतचे गुलाम. सत्ताधाऱ्यांच्या शाळेत गोऱ्यांपैकी मोजक्या मुलांना पहिल्यांदाच प्रवेश मिळतो आणि फाटकाशी जमाव उभा राहतो. एका गोऱ्या मुलीला लागतं, तिच्या कपाळावर चिकटपट्टी लावलेली असते, आणि ती गडद तपकिरी असते, कारण बाजारात दुसऱ्या रंगाची मिळतच नाही. तिच्या फिक्या कातडीवर ती लांबूनही उठून दिसते. कुणी मुद्दाम केलेलं नसतं. कारखान्यात कुणाच्या डोक्यातच आलेलं नसतं.